भागीरथी कुठाय?

आमच्या घरात कुणाचं लग्न ठरलं की गावाला पत्रिका मागाहून मिळते. आधी आत्याबाई माळवदावर चढतात आणि हाका मारायला लागतात.

"केवळाऽऽ! अगं केवळाऽऽ!"

केवळा नावाची कुणी आमच्या घरात नसते. ती अजून यायची असते. नव्या नवरीला कोणतं नाव द्यायचं ते आत्याबाई अशा रीतीनं ठरवतात. माळवदावरून मारलेली हाक ओढ्यापलीकडच्या आमच्या वावरात ऐकू गेली पाहिजे. तिथं माझ्या धाकट्या दिरांना उभं केलेलं असतं. हाक नीट ऐकू आली तर त्यांनी टॉवेल हलवायचा. टॉवेल हलला नाही तर ते नाव बाद.

"नाव म्हंजी हाक," त्या म्हणतात. "पोचली तर नाव, न्हाईतर निस्ती फुंकर."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, आमच्या ह्यांची आत्या. मी लग्न होऊन चारठाण्याच्या अलीकडच्या ह्या गावात आले तेव्हा त्या इथंच होत्या. अंगानं काडी आणि आवाज असा की वळचणीची चिमणी उडावी. त्यांचं लग्न झालेलं होतं, पण त्या नांदत नव्हत्या. का, ते मला कुणी सांगितलं नाही. नव्या सुनेनं विचारायची ती गोष्ट नव्हती आणि पुढं मी जुनी झाले तरी माझं तोंड काही उघडलं नाही. मी बोलायला आधीपासूनच कमी. मनात येतं ते इथं मनाशीच लिहून ठेवते, तेवढंच.

घरातल्या लग्नात नवरीचं नाव ठेवायचा मान आत्याचा. पण ह्या आत्या माघारी आलेल्या. शुभकार्यात त्यांनी पुढं व्हावं का, असं म्हणे पहिल्याच लग्नात कुणीतरी कुजबुजलं. तेव्हा माझे सासरे पंगतीतून उठले आणि म्हणाले, "माझ्या घरची नावं माझी भैन ठिवील. ज्याला चालत नसंल त्यानं पत्रावळ सोडून जावं." कुणी पत्रावळ सोडली नाही. बुंदी चांगली झाली होती.

तेव्हापासून आमच्या भावकीतली एकही नवरी आत्याबाईंच्या तावडीतून सुटली नाही. त्यांचे नियम मात्र कडक. नावाचा शेवट लांबवता आला पाहिजे. नाव संपताना ओठ मिटले नाही पाहिजेत. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की गावात त्या नावाची दुसरी कुणी असता कामा नये. एकदा त्यांनी माळवदावरून "शेवंताऽऽ" म्हणून बघितलं, तर खालच्या आळीची शिंप्याची शेवंता पिठाच्या हातानं पळत आली.

"काय झालं आत्याबाई? कोन गेलं?"

"कुनी न्हाई गेलं. तुला न्हाई बोलावलं. पर आलीस ते बेस झालं, च्या पिऊन जा."

शेवंता चहा पिऊन गेली आणि ते नाव बाद झालं. "येका नावाच्या दोघी?" आत्याबाई बराच वेळ पुटपुटत होत्या. "मंग हाक मारल्यावर कोनी उठावं?"

म्हशींनाही हीच परीक्षा. एका म्हशीचं नाव सत्यभामा ठरलं. पुढं भाच्यांची लग्नं निघाली तेव्हा आत्याबाईंना त्याची फार हळहळ वाटायची. "येवढं चांगलं नाव म्हशीत गेलं बगा," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. म्हैस रवंथ करत ऐकायची.

मी माहेरची छाया. माहेर सेलूकडं. लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीनं आत्याबाईंनी सांगितलेलं नाव लिहिलं आणि मी दुरपदा झाले. मला ते नाव मुळीच आवडलं नव्हतं. त्यातून माझा आवाज असा, की तुळशीपुढं बोललेलं तुळशीलाही ऐकू जाऊ नये. आत्याबाई अंगणातून "दुरपदेऽऽ" म्हणायच्या, मी चुलीपाशी "जी" म्हणायचे, आणि त्या पुन्हा हाक मारायच्या. मी "ओ" म्हणेपर्यंत त्या हटायच्या नाहीत. घरातले सगळे हसायचे. मला रडू यायचं.

"ओ देत जा, माय," त्या एकदा जवळ येऊन म्हणाल्या. "नावाला ओ दिली न्हाई तर नाव सुकतंय."

हळूहळू मी ओ द्यायला शिकले. आता छाया म्हणून कुणी हाक मारली तर मला वळायला वेळ लागेल.

तर अशा आत्याबाईंच्या हाती माझ्या विशालचं लग्न आलं.

विशाल इंजिनीअर, नोकरीला जर्मनीत. श्वेता तिथंच शिकायला गेलेली. मूळची ती पूर्ण्याची, तिचे वडील रेल्वेत. इतक्या लांब जाऊन पोरानं परभणी जिल्ह्यातलीच पोरगी शोधली, म्हणून आमचे हे फार खूश होते. विमानाचं भाडं खर्चून पूर्ण्याला पोचला, असं ते सगळ्यांना सांगायचे. दोघं लग्नापुरती सुट्टी काढून आली.

आत्याबाईंनी सुनेचं नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "श्वेता? ही काय हाक हाय? गरम च्यावर फुकल्यावानी वाटतंय!"

माळवदावर बरीच नावं झाली. टॉवेल हलेना. शेवटी "भागीरथीऽऽ" गेलं आणि पलीकडं दिरांनी टॉवेल तर हलवलाच, वर उडीसुद्धा मारली. पोरगी गुणाची. जीन्समध्ये अंगणात उभी होती. हसून म्हणाली, "आत्याबाई, आमच्या तिकडं मला सगळे श्वीटा म्हणतात. त्यापेक्षा हे बरंय." आत्याबाई त्या क्षणी तिच्या झाल्या.

लग्न झालं. दोघांना लगेच परत जायचं होतं आणि त्याआधी लग्नाची नोंद करून कागद न्यायचा होता. सगळे ग्रामपंचायतीत गेलो. साक्षीदार म्हणून आत्याबाई सगळ्यांच्या पुढं, खुर्चीवर. ग्रामसेवकानं विचारलं, "सूनबाईचं नाव?" श्वेतानं तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी सांगितलं, "भागीरथी!" अशा आवाजात की ग्रामसेवकाचं पेन आपोआप चाललं.

"आणि लग्नाआधीचं नाव?"

"आदीचं काहून इचारता? नांदायला इथं आली ना?"

ग्रामसेवक हसला आणि त्यानं त्या जागी आडवी रेघ मारली. त्याच्या घरातली नावंही आत्याबाईंनीच सुचवलेली. विशालनं घाईघाईत स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तेवढं तपासलं. कागद घेऊन दोघं गेली. एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही, की त्या कागदावर विशालचं लग्न भागीरथीशी झालेलं आहे आणि श्वेताचं नाव कुठंच नाही.

पुढच्या वर्षी श्वेताचं शिक्षण संपलं. शिकणारी म्हणून तिला तिथं राहायची जी परवानगी होती, तीही संपत आली. आता नवऱ्याची बायको म्हणून व्हिसा घ्यायचा होता. त्यात तिला दिवस गेलेले. दोघांनी तिथल्याच ऑफिसात अर्ज दिला आणि लग्नाचा कागद जोडला. मग एके दिवशी विशालचा फोन आला. माझ्याच हातात होता.

"आई, घोळ झाला. इथली बाई म्हणायलीय, तुमच्या कागदावर बायको भागीरथी आहे. घरात राहते श्वेता. मग भागीरथी कुठंय?"

"मंग तू काय म्हनलास?"

"मला हसू आलं."

"आन् ती?"

"ती नाही हसली. तिनं परत विचारलं. तुमच्या पहिल्या बायकोचं काय झालं? तिला कुठं सोडलं? ती कुठंय हे कळल्याशिवाय दुसरीला बायको म्हणून व्हिसा देता येत नाही, म्हणाली."

कागद सुधारून मुदतीत गेला नाही तर श्वेताला परत यावं लागणार होतं. एकटीला. विशालची नोकरी तिथं. आणि थोड्या दिवसांनी पोट वाढल्यावर तिला पुन्हा तिकडं जायला विमानात बसता येणार नव्हतं, म्हणजे लेकराच्या जन्माला बाप जवळ नाही. मागं श्वेता काहीतरी बोलत होती. तिचा आवाज रडून बसलेला होता.

हे ग्रामपंचायतीत धावले. ग्रामसेवक भला माणूस. म्हणाला, दुरुस्ती होते. जी साक्षीदार होती, जिनं नाव सांगितलं, तिनं लिहून द्यायचं की ते नाव चुकून पडलं, खरं नाव श्वेता. आत्याबाईंचा अंगठा आणा, बाकी मी बघतो.

आम्हाला वाटलं, काम झालं.

"अंगठा न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्या, चेष्टा करू नको. निकडीचं काम हाय."

"ठिवलेलं नाव मागं घेत नसतेत."

"अगं, मागं कोन घ्यायलंय? घरात खुशाल भागीरथी म्हन. निस्तं कागदावरून काढायचंय."

"कागदावरून गेली म्हंजी गेली."

ह्यांचा आवाज चढला. "तुझ्या येका हाकेपायी पोटुशी पोर येकली माघारी यील. मंग बस माळवदावर बोंबलत!"

मी ह्यांना आत्याबाईंशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या गोठ्याकडं निघून गेल्या. नंतर शेजारणी आल्या, सरपंचाची बायको आली. म्हातारीला वेड लागलंय, असं ज्या त्या म्हणाल्या. भाकरी वाढली तर आत्याबाई अर्धी ठेवून उठायच्या. हे चिडून परभणीला वकिलाकडं गेले, आत्याबाईंशिवाय काही होतं का ते बघायला.

दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या तूर निवडत होत्या. मीही सूप ओढलं. मला समजावता येत नाही, म्हणून मी नुसते खडे काढायला लागले. मग त्याच बोलल्या.

"दुरपदे, मला तिकडं मानवतच्या बाजूला दिलं होतं."

"जी."

"तितं माजं नाव सरस्वती ठिवलं. चांगलं होतं. माजी सासू लय गोड हाक मारायची. मंग लेकरू व्हईना. दिवाळीला इकडं आनून घातलं, ते न्यायला कुनी आलंच न्हाई. उनाळ्यात दुसरी केली त्यांनी."

त्यांनी सूप पाखडलं. फोलपटं उडाली.

"केली तर केली. पर तांदळात तिचं नाव काय ल्हिलं म्हाइताय? सरस्वती. रेशनच्या कारडावर सरस्वती हायच म्हने, मंग तहसीलला खेटे कशाला घालायचे. मज्जा हाय का न्हाई? मानूस बदललं, कारड न्हाई बदललं."

मला त्यांच्याकडं बघवेना.

"वरसानं दादा मोंढ्यात तूर इकाया गेलता. तिकडचा येक जन त्याला भेटला. म्हनला, आवो, तुमच्या सरस्वतीला पोरगं झालं, पेढे कुटायत? आन् सरस्वती हितं ह्या वसरीत बसून तूर पाखडायलीय." त्या हसल्या. खरंच हसल्या. "दादा घरी येऊन माज्याम्होरं बसला. बोलला काईच न्हाई. मीच त्याला पानी दिलं."

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आता तूच सांग. भागीरथी कागदावरून खोडायची. आज कागदावरून. उद्या कुनी म्हनल, कोन भागीरथी? ती होती तरी कवा?"

इतकी वर्षं मी ह्या बाईला हसत आले होते. सगळ्यांसारखीच, पदराआड.

मग जे माहीत होतं ते मी सांगितलं. ह्यांनी त्यांना अंगठा लागतो, नाहीतर पोर माघारी येईल, एवढंच सांगितलं होतं; तिथल्या बाईनं काय विचारलं ते नाही.

"आत्याबाई, तिकडच्या हापिसातली बाई तेच इचारायलीय."

"काय इचारायलीय?"

"भागीरथी कुठाय म्हनून."

त्यांचा हात सुपात तसाच राहिला. "म्हंजी?"

"तिला वाटलं इशालनं पैली बायको सोडली आन् दुसरी केली. ती म्हनली, पैलीचं काय झालं ते सांग. तिला कुठं टाकलं? ते कळल्याबिगर दुसरीला बायको म्हनू देनार न्हाई."

"असं म्हनली?"

"जी."

"त्या गोऱ्या बाईनं इचारलं?"

"जी."

"तिची काय ओळख ना पाळख."

त्यांनी डोळे पुसले, पण पदरानं नाही, तुरीच्या धुळीच्या हातानंच, त्यामुळं ते आणखीच लाल झाले.

"माज्या वक्ताला दुसरीच्या लग्नात सगळं गाव जेवून गेलं," त्या म्हणाल्या. "माज्या माहेरची दोन मान्सं बी त्या पंगतीत होती. येकानं बी इचारलं न्हाई, पैली कुठाय."

मग सूप बाजूला सारून उठल्या. "चल. तिला सांगाया पायजे. ती बिचारी तितं भागीरथीच्या काळजीनं बसली आसंल."

ह्यांच्याशिवाय मी कधी ग्रामपंचायतीत गेले नव्हते. त्या दिवशी गेले. ग्रामसेवकानं मजकूर तयार ठेवलाच होता. तो वाचायला लागला, "नजरचुकीने भागीरथी असे नाव..."

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "नजरचूक काहून? माजी नजर शाबूत हाय. म्या बगून-सवरून ठिवलंय."

"आत्याबाई, कागदावर असंच लिहितात."

"मंग तसं न्हाई ल्हायचं. ल्हा, श्वेता हीच भागीरथी. दोघी येकच. दुसरी कुनी न्हाई, कुनाला टाकलेलं न्हाई, नांदायलीय."

ग्रामसेवकानं डोकं खाजवलं आणि कागद नव्यानं लिहिला. तो चांगलाच झाला. नंतर वकीलही म्हणाले, ह्याहून नेमकं आम्हाला लिहिता आलं नसतं.

"आन् म्होरं बी कुनाला टाकनार न्हाई, हे बी ल्हा."

"पुढचं मी कसं लिहू? ते विशालनं लिहून द्यायचं."

"मंग येगळ्या कागदावर ल्हा. तो आला की त्याचा अंगठा घेते."

ग्रामसेवकानं ते वेगळ्या कागदावर लिहून दिलं. सही करता येणाऱ्या इंजिनीअरचा अंगठा घेण्यासाठी तो कागद आत्याबाईंनी अजून जपून ठेवलाय. दुरुस्तीच्या कागदावर त्यांनी स्वतःचा अंगठा दिला. शाई पुसायला मी फडकं पुढं केलं, पण त्यांनी घेतलं नाही.

परभणीतले सोपस्कार झाले आणि दुरुस्त कागद जर्मनीला पोचला. नंतरचे दिवस कसे गेले ते मी सांगत नाही. फोन वाजला की हे उठायचे आणि मी बसायचे. अखेर मुदत सरायच्या आधी विशालचा फोन आला. व्हिसा झाला होता. श्वेता मागून ओरडत होती, "आत्याबाई, भागीरथी राहिली हो इथं!" ह्यांनी आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, "उठ, गुडगे दुखतेल."

बाळंतपणासाठी श्वेताची आई तिकडं जायला निघाली. आम्ही लाडू-सांडगे बांधले. आत्याबाईंनी आतून एक चोळीचा खण आणला. हिरवा, काठाचा, कधी न शिवलेला. तो त्यांनी पिशवीत सगळ्यांत वर ठेवला.

"श्वेताला का?" मी विचारलं.

"तिला लुगडं दिलंय. ह्यो त्या हापिसातल्या बाईला."

त्या दिवशी विशाल फोनवर समोर दिसत होता. त्यानं ऐकलं. "आजी, इथं असलं काही घेत नाहीत. लाच समजतात."

"कामाच्या आदी दिलं तर लाच. काम तर झालं. ह्यो म्हायेरचा खन हाय."

"तिचं माहेर इथं कुठून आलं?"

"जी इचारपूस करती ती म्हायेरचीच."

विशाल हसत म्हणाला, "बरं. विचारून बघतो. पण कुणी दिला म्हणून सांगू?"

आत्याबाई खणाची घडी नीट करत राहिल्या. मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही.

"बायजानं दिला म्हनाव," त्या म्हणाल्या आणि उठून गोठ्याकडं गेल्या. म्हशीची पाणी प्यायची वेळ झाली होती.

"आई, बायजा कोण?" विशाल विचारत होता.

ह्या घरात इतकी वर्षं काढून तेव्हा मीही ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते.

"आपल्याच घरची हाय," मी म्हणाले.